विंचेस्टर मॉडेल १२ : वापरून झिजलेल्या पंप बंदुकीची ओळख

खंडेनवमीला शस्त्रपूजा करण्याची रीत ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत अजून टिकून आहे. पाटावर तलवार, कट्यार, जांबिया यांच्याबरोबर काही घरांत एखादी बंदूकही असते. बहुधा ती विलायती दुनळी असते. क्वचित मात्र एकाच नळीची, नळीखाली दुसरी बारीक नळी असलेली आणि पुढची लाकडी मूठ मागेपुढे सरकणारी बंदूक दिसते. घरात तिला कोणी ‘रिपीटर’ म्हणते, कोणी ‘ऑटोमॅटिक’. ती ऑटोमॅटिक नाही. तिला पंप बंदूक म्हणतात. या प्रकारातली एक नामांकित बंदूक म्हणजे अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची मॉडेल १२.

या लेखात आम्ही तिच्या निमित्ताने पंप बंदुकीचा इतिहास, घडण, झीज कशी वाचावी, जपणूक कशी करावी आणि अशी वस्तू वारशाने घरात आली तर कायद्याने काय करावे, याची माहिती एकत्र देत आहोत. शेवटचा भाग प्रत्येक सभासदाने वाचावा. बंदूक कुठल्याही बनावटीची असली तरी तो लागू आहे.

पंप बंदूक म्हणजे काय

शिकारीच्या छर्र्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे पीळ तिला नसतात. एका काडतुसात अनेक छर्रे असतात आणि ते बाहेर पडल्यावर पसरत जातात. म्हणून उडत्या पक्ष्यासाठी ही बंदूक आणि लांबच्या जनावरासाठी रायफल, अशी जुन्या शिकाऱ्यांची विभागणी होती.

‘बारा बोर’ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो, पण त्याचा अर्थ फारसा कोणाला ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोरची नळी. तिचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. त्याच हिशेबाने एक पौंडात १६ किंवा २० गोळ्या केल्या की गोळी लहान होते. म्हणून बोरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद.

दुनळी बंदुकीत दोन बार झाले की ती मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, पुन्हा भरावी लागते. पंप बंदुकीत नळीखालच्या बारीक नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, पाच-सहा काडतुसे एकामागे एक बसतात. बार झाल्यावर पुढची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि आतला घोडा चढतो. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस वर उचलले जाऊन नळीत बसते आणि मागचा खटका बंद होतो. हे सगळे काम हाताच्या जोराने होते, म्हणून ती ऑटोमॅटिक नव्हे. स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांना कायद्यात वेगळे नियम आहेत. तेव्हा अर्जात किंवा जबाबात चुकीचा शब्द गेला तर विनाकारण त्रास होऊ शकतो.

स्पेन्सरपासून विंचेस्टरपर्यंत

बाजारात चाललेली पहिली पंप बंदूक क्रिस्टोफर स्पेन्सर याची, १८८०च्या दशकातली. अमेरिकन यादवी युद्धात गाजलेली स्पेन्सर रायफल याच माणसाने केली होती. पुढे युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग याने पंप बंदुकीचा अधिक सोपा आराखडा तयार केला आणि तो विंचेस्टरने विकत घेतला. त्यातून १८९३ चे मॉडेल निघाले. पण त्याच सुमारास काळ्या दारूची जागा धूररहित दारू घेत होती. तिचा दाब त्या बंदुकीला पेलेना. म्हणून सुधारून मजबूत केलेले मॉडेल १८९७ आले. त्याचा घोडा बाहेर दिसतो. १९५७ पर्यंत दहा लाखांहून अधिक नग निघालेली ही बंदूक पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने खंदकांत वापरली आणि तिच्याविरुद्ध जर्मनीने १९१८ मध्ये रीतसर निषेधही नोंदवला.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्राउनिंग आणि विंचेस्टर यांचे बिनसले. पुढची बंदूक कंपनीच्याच पदरी असलेल्या टॉमस क्रॉस्ली जॉन्सन या अभियंत्याने घडवली. तिचा घोडा आत झाकलेला होता. १९१२ मध्ये ती आधी २० बोरमध्ये आली, मग १२ आणि १६ बोरमध्ये. आरंभी तिचे नाव मॉडेल १९१२ होते, १९१९ पासून मॉडेल १२ झाले. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या कारखान्यात पन्नासहून अधिक वर्षांत तिचे जवळजवळ वीस लाख नग तयार झाले.

ती बंद का पडली, हेही समजून घेण्यासारखे आहे. तिचा रिसीव्हर, म्हणजे यंत्र सामावणारा मधला भाग, अखंड पोलादातून कोरून काढत. आतले भाग कारागीर एकमेकांना घासून बसवत. १९५०च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीने मॉडेल ८७० आणले. त्यातले बरेच भाग पत्र्यातून ठोकून काढलेले होते आणि ते कोणत्याही नगात बदलून बसत. किंमत कमी, काम चोख. अशा स्पर्धेत हाताच्या कामाचा खर्च विंचेस्टरला परवडेना आणि १९६४च्या सुमारास मॉडेल १२ चे नेहमीचे उत्पादन थांबले. संग्राहक आजही ‘६४ पूर्वीची’ म्हणून विंचेस्टर बंदुकांचा वेगळा मान ठेवतात, तो यामुळेच.

बदके, लाकडी दांडी आणि तीन काडतुसे

मॉडेल १२ प्रामुख्याने बदकांच्या शिकाऱ्यांची बंदूक. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या दलदलीत, चेसापीकच्या खाडीकाठी, पहाटेच्या गारठ्यात आणि चिखलात ती वापरली गेली. म्हणून जुने नग कपाटात ठेवल्यासारखे नसतात, राबलेले असतात.

या बंदुकांच्या इतिहासात एक काळी बाजू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाजारासाठी शिकार करणारे लोक पक्षी मारून शहरांत पाठवत. एके काळी आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबूतर या लुटीत संपले. त्या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. मॉडेल १२ बाजारात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्यानंतर कायदे कडक झाले. स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा १९१८ मध्ये आला आणि १९३५ पासून बदकांच्या शिकारीत बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे मावतील अशी अट घालण्यात आली. शिकारी मॅगझिनमध्ये लाकडाची दांडी घालून जागा कमी करू लागले. जुनी मॉडेल १२ खोलली तर ही दांडी अनेकदा आत सापडते. ती मोडका तुकडा समजून फेकू नये. पक्षी वाचवण्यासाठी यंत्राला घातलेली ती वेसण आहे.

आपल्याकडेही असेच झाले, फक्त उशिरा. भरतपूरच्या केवलादेव सरोवराकाठी दगडी फलकांवर शिकारीच्या नोंदी कोरलेल्या आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. आज तेच ठिकाण राष्ट्रीय उद्यान आहे. शिंदे संस्थानाच्या शिकारीचे शिवपुरीचे जंगलही आता माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. घरातली शिकारीची बंदूक त्यामुळे आज शिकारीची उरलेली नाही.

झीज कशी वाचावी

जुनी बंदूक पाहताना पहिला नियम एकच. ती भरलेलीच आहे असे धरून चालावे, नळीचे तोंड कोणाकडेही करू नये आणि चापाला बोट लावू नये. मॉडेल १२ बाबत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण चाप दाबलेला असताना मूठ पुढे गेली तर तिचा बार उडतो. नंतरच्या बहुतेक पंप बंदुकांत हे टाळण्याची सोय केलेली असते, हिच्यात नाही. ज्याला सवय नाही त्याने स्वतः उघडून पाहू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी.

ही काळजी घेतल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

ब्ल्यूइंग : पोलादावर गंज बसू नये म्हणून दिलेली निळसर-काळी झाक. बंदूक एका हातात तोलून धरायची जागा रिसीव्हरच्या खालच्या अंगाला असते. तिथली झाक आधी जाते आणि लोखंड रुपेरी दिसू लागते. हातांच्या सवयीने झालेली ही झीज सावकाश, कडांना विरत गेलेली असते. पॉलिशच्या चाकावर घासलेल्या बंदुकीच्या कडा मात्र गोल होतात आणि अक्षरे पुसट होतात.

मूठ : जुन्या नगांची पुढची मूठ आखूड, गोल आणि आडव्या खाचांची असते. खाचा कुठे झिजल्या यावरून तळहात कुठे पडत असे ते कळते. मॅगझिनच्या नळीवर लांबीने उमटलेले ओरखडे ही मूठ हजारो वेळा सरकल्याची खूण आहे. तो दोष नव्हे.

सांधा : मॉडेल १२ चे दोन भाग करून ती पेटीत ठेवता येते. सांधा वापराने सैल होणार हे जॉन्सनने आधीच धरले होते. म्हणून तिथे दातेरी कडे दिले आहे. झीज झाली की कडे एक दात पुढे सरकवून सांधा पुन्हा घट्ट करता येतो. कडे किती दात पुढे आले आहे, यावरून बंदूक किती राबली याचा अंदाज येतो.

अनुक्रमांक : सांध्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला क्रमांक कोरलेला असतो. दोन्ही क्रमांक जुळले तर नळी मूळचीच. न जुळल्यास नळी दुसऱ्या बंदुकीची आहे. परवान्यावरचा क्रमांकही याच्याशी ताडून पाहावा.

नळीवरची अक्षरे : ‘निकेल स्टील’ असे कोरलेले असल्यास नळी साधारण १९३१ पूर्वीची. त्यानंतर ‘विंचेस्टर प्रूफ स्टील’ असे शब्द येतात. ‘फुल’, ‘मॉडिफाइड’ हे शब्द चोकचे, म्हणजे नळीचे तोंड किती आवळलेले आहे याचे. तोंडाशी फिरवता येणारे जाड बोंड दिसले तर तो नंतर बसवलेला पॉली-चोक असतो. अमेरिकेत १९४०-५०च्या दशकांत तो बसवून घेण्याची लाटच आली होती.

दस्ता : मनगटाजवळ घामाने काळवंडलेले अक्रोडाचे लाकूड, खांद्याशी घट्ट झालेले रबर, एखाद्याच्या उंचीप्रमाणे कापून आखूड केलेला शेवट. एका माणसाने ही बंदूक वर्षानुवर्षे स्वतःसाठी वापरली, हे यावरून ओळखता येते.

काडतुसाच्या लांबीचा प्रश्न

जुन्या बंदुकीतून बार काढावा असे आम्ही कोणालाही सुचवणार नाही. तरीही एक धोका सर्वांना माहीत असावा. सुरुवातीच्या १६ आणि २० बोरच्या मॉडेल १२ मध्ये काडतुसाचे घर आजच्यापेक्षा आखूड असते, तर आजचे नेहमीचे काडतूस ७० मिलिमीटरचे. काडतुसाची लांबी त्याचे दुमडलेले तोंड उघडल्यावर मोजतात. म्हणून लांब काडतूस आखूड घरात सहज शिरते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. बार होताना मात्र तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब धोकादायक वाढतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली १२ बोरची काडतुसे आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रचलित आहेत. घरात त्यांचा जुना डबा सापडला, तर बोर तोच आहे म्हणून ती चालतील असे समजू नये. ओल लागलेली, कागदी वेष्टनाची जुनी काडतुसे कचऱ्यात टाकू नयेत, उन्हात वाळवू नयेत. तीही परवान्याच्याच कक्षेत येतात.

जपणूक

बंदूक परवान्यावर आहे आणि घरातच ठेवायची आहे, असे धरून काही सूचना.

खोबरेल, तीळ किंवा जवसाचे तेल लावू नये. खाण्याची तेले काही महिन्यांत चिकट होतात, जवसाचे तर वाळून पापुद्रा धरते, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत खोबरेल आत गोठून बसते. बंदुकीसाठीचे पातळ खनिज तेल मऊ कापडाने अगदी थोडे लावावे.

चामड्याच्या म्यानात किंवा पेटीत कायमची ठेवू नये. चामडे ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो. पावसाळ्यात हे अधिक होते.

पॉलिश पेपर, चिंच, राख यांनी घासू नये आणि नवे ब्ल्यूइंग करून घेऊ नये. चकचकीत केलेल्या बंदुकीवरचा वापराचा सगळा इतिहास पुसला जातो आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमतही उतरते.

पूजेत ओले गंध, हळद-कुंकू, पाणी थेट लोखंडावर न लावता खाली ठेवलेल्या वस्त्रावर किंवा दस्त्याला बांधलेल्या फुलांवर वाहावे. पूजेनंतर त्याच दिवशी कोरड्या कापडाने पुसून, तेलाचा हात फिरवून बंदूक कुलपात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात. पूजेत बंदूक कधीही भरलेली नसावी.

घरातली बंदूक आणि कायदा

ज्यांच्या नावावर परवाना होता ते वारले, बंदूक कपाटावर तशीच राहिली आणि वर्षे लोटली, असे आपल्या अनेक कुटुंबांत घडते. ‘ती तर शोभेची आहे’, ‘चालतच नाही’, ‘शंभर वर्षांची आहे’ अशी समजूत असते. ती पुरेशी नाही.

भारतात १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम लागू आहेत. जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला कायद्यात सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा स्थितीत असले पाहिजे. मॉडेल १२ सारखी बंदूक नुसती अडकली किंवा गंजली म्हणून या सवलतीत बसत नाही. ती साफ केली की चालू शकते.

परवानाधारक वारल्यास बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावीत आणि पावती घ्यावी. जमा केल्याने हक्क जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतःच्या नावावर परवाना काढून ती परत मिळवू शकतो, किंवा परवाना असलेल्या व्यक्तीला अथवा विक्रेत्याला विकू शकतो.

वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज नियम २५ खाली करता येतो. मृत्यूची वाट पाहण्याचीही गरज नाही. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्यांच्याकडे असली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा ते हयातीतच एका कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतात. वारसाचे वय २१ पूर्ण हवे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, काही शहरांत पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. परवाना द्यायचा की नाही हे त्यांच्या अखत्यारीत असते.

२०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परवान्यावर यूआयएन हा ओळख क्रमांक चढला आहे का, तेही पाहावे.

विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आणि दंड होऊ शकतो. नळी कापून आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. लग्नात, मिरवणुकीत, दसऱ्याला हौसेने बार काढून कोणाच्या जिवाला धोका झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. निवडणुकीच्या काळात प्रशासनाने बंदुका जमा करण्याचा आदेश दिल्यास तो वारशाच्या बंदुकीलाही लागू असतो.

भिंतीवर बंदुकीशेजारी वाघाचे कातडे, सांबराची शिंगे असतील तर त्यांची कागदपत्रेही तपासावीत. वन्यजीव कायद्यानुसार त्यांच्या मालकीचा दाखला वनखात्याकडून घेतलेला असावा लागतो.

कायद्याचे नियम आणि मुदती बदलत असतात. म्हणून प्रत्यक्ष अर्जाआधी वकिलाचा किंवा परवाना शाखेचा सल्ला घ्यावा.

घरच्या दप्तरात काय लिहून ठेवावे

बंदूक जमा करायची, विकायची किंवा ठेवायची, कुटुंबाचा निर्णय काहीही असो, तिची नोंद मात्र घरात राहायला हवी. बनावट, बोर, दोन्ही अनुक्रमांक, नळीवरची अक्षरे, परवान्याच्या सर्व पानांच्या प्रती, पोलीस ठाण्याची पावती. ती कोणी, केव्हा, कुठून घेतली, घरातल्या कोणी वापरली, दस्ता कोणासाठी कापला, पूजेत केव्हापासून मांडली जाते, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहावे. चांगल्या उजेडात दोन्ही अंगांची छायाचित्रे काढावीत. खंडेनवमीच्या पाटावर पुढे बंदुकीऐवजी तिचे छायाचित्र ठेवले, तरी पूजेत उणे येत नाही. काही घरांनी तसे सुरूही केले आहे.